हाय गेन ट्यूब ॲम्पला कुठले पिकअप आणि नॉब कुठे ठेवायचे: नाशिकच्या गिटारवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

कॉलेज रोड असो, सिडको असो नाहीतर नाशिकरोड, ज्याच्याकडे पहिला ट्यूब ॲम्प (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा गिटारचा ॲम्प्लिफायर) येतो त्याचे प्रश्न साधारण सारखेच असतात, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगतो कारण खाली प्रत्येक उत्तरात ती येणारे: गेन (सिग्नल वाढवून आवाज फाडायची ताकद) ॲम्पमधे भरपूर आहे, गिटारकडून आपल्याला गेन नकोय, स्वच्छ आणि घट्ट सिग्नल हवाय.

हाय गेन ॲम्प घेतलाय, आता जास्त आउटपुटचे पिकअप (तारांखालचे मॅग्नेट आणि कॉइल, जे तारेच्या थरथरीचा विजेचा सिग्नल करतात) टाकावेच लागणार ना?

नाही, आणि हा समज कुठून आला ते बघा म्हणजे डोक्यातून कायमचा जाईल. सत्तरच्या दशकात मार्शलसारख्या ॲम्पमधे प्रीॲम्पचे (पॉवर ॲम्पच्या आधी सिग्नल वाढवणाऱ्या भागाचे) टप्पे कमी होते, मास्टर व्हॉल्यूम (गेन तसाच ठेवून एकूण आवाज कमी करायचा नॉब) बहुतेकांना नव्हताच, ॲम्प फाटायला हवा असेल तर एकतर व्हॉल्यूम कानठळ्या बसेपर्यंत वाढवायचा नाहीतर गिटारमधूनच जोरात सिग्नल पाठवायचा. १९७२ ला डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन पिकअप आला तो याच गरजेतून, सिरॅमिक मॅग्नेट आणि भरपूर वाइंडिंग, की ॲम्पचा पहिलाच टप्पा ओव्हरलोड झाला पाहिजे. नंतर ॲम्पच बदलले. १९८७ ला सोल्डानो एसएलओ १००, मग १९९२ च्या सुमारास पीव्ही ५१५० आणि मेसाचा ड्युअल रेक्टिफायर, यांच्यात एकामागे एक इतके गेनचे टप्पे आहेत की साधा पीएएफ टाइप हंबकर (जुन्या गिब्सन पद्धतीचा दोन कॉइलचा पिकअप) लावला तरी गेनचा नॉब अर्ध्यावर जायच्या आधीच पुरेसं डिस्टॉर्शन मिळतं. त्यामुळे आज हॉट, म्हणजे जास्त आउटपुटचा, पिकअप घ्यायचा तर त्याचा आवाज आवडतो म्हणून घ्या. ॲम्पला ताकद कमी पडेल म्हणून घेऊ नका.

म्हणजे हॉट पिकअप वाईट?

अजिबात नाही. ज्यांच्याकडे मार्शल जेसीएम८०० टाइपचा ॲम्प आहे, ज्यात गेन मध्यमच आहे, त्यांना सेमूर डंकन जेबीसारखा पिकअप मस्त बसतो, मिड (मधले स्वर) पुढे येतात, सोलो जाडसर लागतो. पण तोच जेबी ५१५० ॲम्पला जोडला आणि गेन सातवर ठेवला की कॉर्डमधल्या तारा वेगवेगळ्या ऐकूच येत नाहीत, सगळा एक गोळा होतो. पिकअप एकट्याने चांगला किंवा वाईट नसतो, जोडी बघायची.

डब्यावर १६ के लिहिलंय, दुसऱ्यावर ८ के, म्हणजे पहिला दुप्पट जोरात का?

नाही. तो आकडा डीसी रेझिस्टन्सचा असतो, म्हणजे आत गुंडाळलेल्या तांब्याच्या तारेचा रोध, बस. तार बारीक घेतली की तेवढ्याच वेढ्यांना रोध वाढतो आणि आउटपुट तेवढंच राहतं, आणि मॅग्नेट कुठला हे तर त्या आकड्यात दिसतच नाही. एकाच कंपनीचे, एकाच पद्धतीचे दोन पिकअप असतील तर तुलनेला थोडाफार उपयोग होतो. साधारण अंदाज द्यायचा तर जुन्या पद्धतीचे पीएएफ टाइप साडेसात ते साडेआठ किलोओम, सुपर डिस्टॉर्शन साडेतेराच्या पुढे, जेबी सोळाच्या आसपास.

अजून एक, मे महिन्यात दुपारी मल्टिमीटर लावून "माझा पिकअप डुप्लिकेट आहे, आकडा जास्त येतोय" असे मेसेज येतात. तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो, दर डिग्रीला साधारण ०.४ टक्के. म्हणजे २० डिग्रीला ८ किलोओम दाखवणारा पिकअप नाशिकच्या ४० डिग्रीत ८.६ दाखवेल आणि डिसेंबरात पहाटे १० डिग्रीला ७.७. पिकअप ओरिजिनलच आहे, निवांत राहा. आणि केबल लावून जॅकवरून मोजत असाल तर व्हॉल्यूम आणि टोन दोन्ही दहावर ठेवा, तरी पॉटमुळे (नॉबखालचा कमीजास्त होणारा रेझिस्टर) आकडा थोडा कमीच येणार.

मॅग्नेट अल्निको (ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्टचा) की सिरॅमिक?

थोडक्यात, अल्निको २ मऊ, अल्निको ५ ला वर चमक आणि खाली दम, सिरॅमिक घट्ट आणि धारदार. हाय गेनला मेटल रिफ वाजवायचे असतील तर अल्निको ५ किंवा सिरॅमिक, ब्लूज रॉकला अल्निको २ ब्रिजला (तारा बॉडीवर टेकतात त्या बाजूच्या पिकअपला) जरा ढिला वाटू शकतो पण नेकला (मानेकडच्या पिकअपला) फार गोड लागतो. मॅग्नेटपेक्षा वाइंडिंगचा फरक मोठा पडतो हे मात्र लक्षात असू द्या.

लो ई (सगळ्यात जाडी तार) वर पाम म्यूट (तळव्याची कड तारेवर टेकवून वाजवणं) केलं की आवाज चिखल होतो. बेस कमी केला तरी तेच. का?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे त्यामुळे नीट वाचा.

डिस्टॉर्शनच्या आधीचा बेस आणि नंतरचा बेस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मार्शल, ५१५०, रेक्टिफायर या सगळ्या जातीच्या ॲम्पमधे बेस मिडल ट्रेबलचे नॉब गेनच्या टप्प्यांनंतर लागतात. म्हणजे पिकअपमधून जो जाडा बेस आला तो आधीच ट्यूबमधे चिरडला गेला, आणि खालचे स्वर चिरडले की ते वरच्या स्वरांनाही आपल्याबरोबर ओढतात, सगळंच गदगद होतं, आणि मग तुम्ही नॉबने जो बेस कमी करताय तो झालेल्या चिखलाचाच बेस आहे. चिखल तसाच राहतो, फक्त पातळ होतो.

त्यामुळे बेस कापायचा तो गिटारमधे किंवा गिटार आणि ॲम्पच्या मधे, आणि पोटात धक्का हवा असेल तर तो नंतर ॲम्पवर वाढवायचा, रेझोनन्स किंवा डेप्थ नावाचा नॉब असेल तर त्यानेच, कारण तो पॉवर ॲम्पच्या बाजूला काम करतो. मेसाची मार्क सिरीज उलटी आहे, तिथे टोनचे नॉब गेनच्या आधी येतात, म्हणून ते लोक बेस एक दोनवर ठेवतात आणि पुढच्या पाच पट्ट्यांच्या ग्राफिक इक्यूवर खालची पट्टी वर करतात. मार्कवाल्याचं सेटिंग बघून आपल्या मार्शलवर तसंच लावलं की आवाज टिनपाट येतो तो यामुळेच.

गिटारमधे बेस कसा कापणार? आधी फुकटचा उपाय, खालचं उत्तर.

पिकअपची उंची कशी लावायची?

हे नीट सांगतो कारण निम्म्या लोकांना नवीन पिकअपची गरजच उरत नाही. लागणार काय, बारीक फिलिप्स स्क्रूड्रायव्हर आणि अर्धा मिलिमीटर दाखवणारी स्टीलची पट्टी, शालेय साहित्याच्या दुकानात मिळते ती.

गिटार ट्यून करा. जाडी ई शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा, आणि तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या त्याच बाजूच्या पोलच्या डोक्यापर्यंत अंतर मोजा. मग बारीक ई तसंच. ब्रिज हंबकरला दोन्हीकडे १.६ मिलिमीटर आणि नेकला २.४ च्या आसपास ही सुरुवात, गिब्सनवाले पण साधारण एवढंच सांगतात. आता इथून कानाने. ॲम्प चालू, गेन नेहमीचा, लो ई वर पाम म्यूटचे चार ठोके मारा, मग बेसच्या बाजूचा स्क्रू अर्धा फेरा सोडा म्हणजे ती बाजू खाली जाईल, परत चार ठोके. कुठल्यातरी एका अर्ध्या फेऱ्याला एकदम ठोका सुटा सुटा ऐकू यायला लागतो, मघाशी जो एकाला एक चिकटत होता तो. तिथे थांबा. मग बारीक ई च्या बाजूने सोलो वाजवून बघा, पातळ वाटला तर ती बाजू किंचित वर घ्या. पिकअप तिरका दिसेल, दिसू द्या.

फार जवळ नेऊ नका, विशेषतः स्ट्रॅटचे (फेंडर स्ट्रॅटोकास्टर पद्धतीची गिटार) सिंगल कॉइल, त्यांचा मॅग्नेट थेट तारेखाली असतो आणि तो तार ओढतो, मग बाराव्या फ्रेटच्या पुढे एकाच तारेतून दोन बेसूर स्वर आल्यासारखं वाटतं आणि लोक बिचारे ब्रिजचं इंटोनेशन (स्वर जुळायला तारेची लांबी लावणं) करत बसतात.

सुरुवातीला नॉब कुठे ठेवू?

मध्यम आउटपुटचा हंबकर धरून: गेन ४, बेस ४, मिडल ६, ट्रेबल ५, प्रेझेन्स (सगळ्यात वरच्या स्वरांचा नॉब) ४, मास्टर घर झेपेल तेवढा. मग एकावेळी एकच नॉब. गेन कमी करत करत खाली या जोपर्यंत रिफ तुटत नाही, आणि तुटला की तिथून किंचित वर. हे उलटं करायची सवय असते सगळ्यांना, खालून वर जातात आणि थांबतच नाहीत. पिकअप हॉट असेल तर गेन अजून एकाने खाली. रेक्टिफायर टाइपच्या मॉडर्न चॅनेलला प्रेझेन्स फार टोचतो, तो तीनच्या खाली ठेवून बघा.

घरी एक नंबर वाजतो पण बँडबरोबर गायब होतो.

मिडल शून्यावर ठेवलाय का? शंभर टक्के ठेवला असणार. मिरवणुकीत नाशिक ढोलचं पथक ऐकलंय ना, एवढे ढोल दणदणत असतात तरी ताशाची एकेक काडी वेगळी ऐकू येते, कारण ताशा ढोलाच्या जागेत घुसतच नाही, त्याची जागा वरची आहे. बँडमधे खालची जागा बेस गिटार आणि किकची, वरची झांजांची, गिटारचं घर मधे. ते घर आपणच रिकामं केलं तर कोण ऐकणार. घरी एकट्याने वाजवताना मिड काढलेला आवाज मोठा आणि भारी वाटतो हे खरंय, म्हणून प्रॅक्टिसला बँडसाठीचं सेटिंग वेगळं लिहून ठेवा आणि त्याला हात लावू नका.

ॲम्पमधे एवढा गेन असताना लोक पुढे ट्यूब स्क्रीमर (इबानेझचं ओव्हरड्राइव्ह पेडल) का लावतात?

वरचं चिखलाचं उत्तर आठवा. ट्यूब स्क्रीमर बेस कापतो आणि साधारण ७२० हर्ट्झच्या आसपास मिड वर उचलतो, तोही ॲम्पच्या गेनच्या आधी. म्हणून ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण किंवा जवळपास, टोन मधोमध, आणि ॲम्पचा गेन एक दोनने कमी. बॉसचा एसडी १ स्वस्तात तेच काम छान करतो. जाड आवाजाचे हॉट पिकअप ज्यांच्या गिटारमधे आधीच आहेत त्यांनी पिकअप बदलायच्या आधी हे करून बघा, सेकंडहँड पेडल पिकअपपेक्षा स्वस्त पडतो आणि सोल्डरिंगची भानगड नाही.

दादा माझ्याकडे स्ट्रॅट आहे तीन सिंगल कॉइलवाली, हाय गेन होईल का?

होईल, आणि आवाज सुंदर सुटा येईल, पण घूं घूं सोबत येणार. सिंगल कॉइल घरातल्या ५० हर्ट्झच्या वीजप्रवाहाचं चुंबकीय क्षेत्र पकडते आणि ॲम्प ते गेनने हजारपट करून देतो. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ मधे हंबकर बनवला तो हा हम मारायलाच, जाडा आवाज नंतर सगळ्यांना आवडला ती वेगळी गोष्ट. तुम्ही पिकअप सिलेक्टर स्विचच्या दोन आणि चार नंबरच्या पोझिशनवर बघा, बऱ्याच स्ट्रॅटमधे मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असतो त्यामुळे तिथे हम गायब होतो. नाहीतर ब्रिजला सिंगल कॉइलच्या मापाचा हंबकर बसवा, लाकूड कोरायला लागत नाही. तो बसवल्यावर २५० केचे पॉट तसेच ठेवले तर आवाज थोडा मवाळ येतो, ५०० के लावले तर जास्त उघडा. हाय गेनला ट्रेबल फार टोचत असेल तर २५० के राहू दे, चालतंय.

ईएमजीसारखे ॲक्टिव्ह पिकअप?

मेटलसाठी त्यांचं नाव उगाच नाही झालं, जेम्स हेटफील्डच्या ब्रिजला वर्षानुवर्षं ईएमजी ८१ होता. आत छोटा प्रीॲम्प असतो, ९ व्होल्टच्या बॅटरीवर, बेस आवरलेला, आवाज घट्ट, हम फार कमी, आणि लांब केबल लावली तरी ट्रेबल मरत नाही. मॅग्नेटची ओढ कमी म्हणून तारेच्या बरेच जवळ नेता येतात. पॉट मात्र २५ केचे लागतात, पॅसिव्हचे ५०० के तसेच ठेवले तर व्हॉल्यूमचा नॉब लाइटच्या बटणासारखा चालू बंद होतो. आणि वाजवून झालं की केबल काढा, जॅकमधे केबल असेपर्यंत बॅटरी जळत राहते.

आवडत नाहीत अशांची तक्रार असते की व्हॉल्यूम कमी केला तरी आवाज पॅसिव्हसारखा साफ होत नाही. ती तक्रार रास्त आहे, ज्यांना एकाच चॅनेलवर नॉबने रिदम आणि सोलो करायचाय त्यांनी पॅसिव्हच घ्यावेत.

गिटारचा व्हॉल्यूम कमी केला की आवाज ब्लँकेटखाली जातो.

व्हॉल्यूमच्या पॉटला ट्रेबल ब्लीड लावा, १००० पिकोफॅरॅडचा कपॅसिटर आणि १५० किलोओमचा रेझिस्टर, दोन्ही पॅरलल, पॉटच्या पहिल्या आणि मधल्या पायावर. सामान कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं, किंमत चहाएवढी. केबल पण बघा, केबलचा दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरॅड धरला तर दहा मीटरची केबल बऱ्यापैकी ट्रेबल खाते. हे एकदा जमलं की हाय गेन चॅनेलवर व्हॉल्यूम १० ला सोलो, ७ ला रिदम आणि ३ ला जवळपास क्लीन, पायाखाली काहीही नको. मला विचाराल तर ट्यूब ॲम्प घेण्याचं अर्धं सुख यात आहे.

हम खूप येतोय, पिकअप खराब आहे का?

बहुतेक वेळा घराची वायरिंग असते. क्रमाने बघा. तारांना हात लावल्यावर हम कमी होतो का? होत असेल तर गिटार ठीक आहे. हात लावल्यावर उलट वाढत असेल तर गिटारच्या आतली अर्थची वायर किंवा घराचं अर्थिंग तपासा. मग गिटार हातात घेऊन जागेवर गोल फिरा, एखाद्या दिशेला हम पडला तर समोरचा ट्रान्सफॉर्मर नाहीतर ॲडॅप्टर कारणीभूत आहे, लांब बसा. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि दिव्यांचे डिमर बंद करा, ते हममधे खर्रखर्र टाकतात. लाइट गेली आणि तुम्ही इन्व्हर्टरवर वाजवताय? साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ट्यूब ॲम्प लावूच नका, घरघर होते आणि ट्रान्सफॉर्मर गरम होतो, प्युअर साइन वेव्हवाला असेल तरच.

जुन्या नाशकात, पंचवटीत, रविवार पेठेत वाड्यांमधे बऱ्याच खोल्यांत तिसऱ्या पिनला वायरच नसते. इलेक्ट्रिशियनला बोलवून अर्थिंग करून घ्या, तोवर वाजवू नका असंच सांगेन. हम जातो म्हणून प्लगची अर्थ पिन कुणीही तोडायची नाही. गिटारच्या तारा थेट ॲम्पच्या बॉडीला जोडलेल्या असतात, तुमचे हात तारांवर आणि ओठ माइकला, आत काही फॉल्ट झाला तर करंट तुमच्यातूनच जाणार.

हे सगळं करून जो फसफस आवाज उरतो तो गेनचा आहे, त्याला नॉइज गेट (वाजवत नसताना आवाज बंद करणारं पेडल).

थांबलो की शिट्टी वाजते.

गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. शिट्टी बंद झाली तर पिकअप, चालूच राहिली तर ॲम्प. पिकअपच्या बाबतीत आतली तार ढिली असते, ती थरथरते, मेणात बुडवलेला पिकअप असेल तर हा त्रास कमी. धातूचं कव्हर ढिलं असेल तरी शिट्टी येते. ॲम्पच्या बाबतीत पेन्सिलच्या लाकडी टोकाने प्रीॲम्प ट्यूबवर हलकेच टिचकी मारा, इनपुटच्या सगळ्यात जवळची आधी. जिच्यावर मारल्यावर स्पीकरमधून टंग असा घंटेसारखा आवाज येतो ती बदला.

ट्यूब बदलून गेन कमी करता येतो म्हणतात?

येतो. पहिली १२एएक्स७ काढून तिथे ५७५१ लावली की गुणक १०० वरून ७० वर येतो, आवाज जरा मोकळा होतो. प्रीॲम्प ट्यूबला बायस (ट्यूबमधून वाहणारा करंट लावणं) करावा लागत नाही, ॲम्प बंद करून थंड झाला की ओढून काढायची, नवीन बसवायची. पॉवर ट्यूब, म्हणजे ईएल३४ किंवा ६एल६, बदलल्या तर बायस तपासून घ्यावा लागतो, सेल्फ बायसवाला ॲम्प सोडून. तिथे आत ४०० ते ५०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमधे राहतात, त्यामुळे चॅसिस उघडायचं काम जाणकाराकडेच द्या. आणि स्पीकर न जोडता ट्यूब ॲम्प चालू करायचा नाही, कधीच नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

फ्लॅटमधे राहतो, १०० वॉटचा घेतला तर?

१०० आणि २० वॉटमधे कानाला फरक फक्त ७ डेसिबलचा, दोन्ही शेजाऱ्यांना पुरेसे आहेत. २० वॉट घ्या, पॉवर कमी करायचा स्विच असलेला. मास्टर फारच खाली असला की आवाज पातळ लागतो, तेव्हा त्या आवाजावरून पिकअपबद्दल मत बनवू नका, एकदा प्रॅक्टिस रूमवर नेऊन मोकळा वाजवून मग ठरवा.

ड्रॉप सी ला (जाडी तार ई वरून सी पर्यंत उतरवलेलं ट्यूनिंग) सगळं ढिलं पडतं.

आधी तारा जाड करा, १० चा सेट (सगळ्यात बारीक तार ०.०१० इंच) सोडून ११ किंवा १२, इंटोनेशन परत लावा, पिकअपची बेसची बाजू अजून थोडी खाली. पिकअप बदलायचा विचार त्यानंतर.

अमेरिकेतून कुणीतरी ॲम्प आणतोय, १२० व्होल्टचा. चालेल?

मागे २३० चा सिलेक्टर आहे का बघा. नसेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, १०० वॉटच्या ॲम्पला ५०० व्हीएचा घ्या म्हणजे तापणार नाही, अंबड सातपूरच्या एमआयडीसीत ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारे आहेत, अर्थची पिन आरपार जोडलेली पाहिजे हे सांगून घ्या. पन्नास हर्ट्झवर ॲम्पचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर साठपेक्षा थोडा जास्त गरम होतो, मागच्या प्लेटवर ५०/६० लिहिलंय का ते आणणाऱ्याकडून फोटो मागवून आधीच बघा, नुसतं ६० असेल तर नको म्हणा.

पावसाळ्यात नॉब खरखरतात.

दमटपणाने पॉटमधे मळ बसतो. इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा पॉटच्या बारीक फटीत, नॉब वीसेक वेळा फिरवा, सुकू द्या. घरातलं गंज काढायचं तेल वापरू नका, ते आत चिकटून बसतं. क्लीनर मारूनही खरखर गेली नाही तर पॉट बदला, आणि बदलताय तर ट्रेबल ब्लीड त्याच वेळी लावून घ्या.